सगळं माझा डोळा आणि बेट्टी मार्टिन

मी, एलिझाबेथ मार्टिन, माहेरची टिझार्ड, कै. वॉल्टर मार्टिन यांची पत्नी, वय वर्षे सत्त्याहत्तर, राहणार गॉस्पोर्ट, फेरीबोटीच्या धक्क्यामागची तिसरी गल्ली, घर क्रमांक नऊ, आपल्या राजीखुशीने हा कागद करते. यापूर्वी मी एकच मृत्युपत्र केलं होतं. त्यात सगळं वॉल्टरला दिलं होतं. तो माझ्याआधी गेला, म्हणून ते मी शेगडीत घातलं.

माझं डोकं ठिकाणावर आहे. मागच्या मंगळवारी डॉक्टरांनी मला शंभरातून सात सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत येऊन थांबले आणि विचारलं, "आता शून्याखाली जाऊ, की तुमची खात्री झाली?" त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. आमचे वकील मिस्टर लेडबेटर यांचं म्हणणं, मृत्युपत्रात राग लिहू नये, शोभत नाही. मी म्हटलं, "घर लिहायचं, कपबश्या लिहायच्या, आणि जी वस्तू मी एक्केचाळीस वर्षं सगळ्यात जपून ठेवली तीच तेवढी वगळायची?" त्यावर त्यांनी टायपिस्टला लिहून घ्यायला सांगितलं.

कलम १. नावाबद्दल.

या कागदात, थडग्याच्या दगडावर, आणि वर्तमानपत्रात दोन ओळी दिल्याच तर तिथेही, माझं नाव एलिझाबेथ असंच लिहावं. बेट्टी हे त्याचं घरगुती रूप लिहू नये. वकिलांच्या कचेरीतल्या तरुण मुलींना याचं कारण ठाऊक नसेल, म्हणून सांगते. त्यांच्या आजोबांच्या पिढीपर्यंत या बंदरात कोणी थाप मारली, फुगवून सांगितलं, की ऐकणारा म्हणायचा, "सगळं माझा डोळा आणि बेट्टी मार्टिन." म्हणजे खोटं, बाता, काही अर्थ नाही. म्हण फार जुनी आहे. ही बेट्टी मार्टिन कोण होती, कुठली होती, डोळ्याशी तिचा संबंध काय, हे एकालाही माहीत नाही. माहीत नसताना दीडदोनशे वर्षं लोक तिला खोटारडी ठरवत आले.

१९४६ साली वॉल्टरने मला मागणी घातली तेव्हा तो फेरीबोटीवर दोर सांभाळत होता. मागणी घालताना त्याने टोपी काढली आणि म्हणाला, "एक अडचण आहे गं. माझं आडनाव घेतलंस की तू ती होशील." मी म्हटलं, "नाव काय चावतं का?" तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते आणि मला फार कळतं असं मला वाटायचं. नाव चावतं. पण वॉल्टरने लग्नानंतरच्या सदतीस वर्षांत ती म्हण एकदाही तोंडातून काढली नाही. हे त्याच्या बाजूने इथे नोंदवते, कारण त्याच्या दगडावर फक्त तारखा आहेत.

कलम २. घर.

घर आणि घरातलं सामान वॉल्टरच्या भावाची मुलगी गिलियन हिला द्यावं. मागच्या अंगणात कुंड्यांखाली जे लांब लाकडी बाक आहे ते ज्या शीडघरात मी वीस वर्षं बोटींची शिडं शिवत होते तिथलं आहे. शीडघर बंद पडलं तेव्हा वॉल्टरने जळणाच्या भावात आणलं, माझ्यासाठी काहीतरी चांगलं केलं या आनंदात. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. मग त्यावर कुंड्या ठेवल्या, म्हणजे त्यावर कोणाला हात आपटता येणार नाही. गिलियनने बाक ठेवावं की फोडावं हे तिचं तिने ठरवावं. फक्त ते रिकामं ठेवू नये.

कलम ३. शिल्लक.

पोस्टातल्या बचतीतून माझ्या मातीचा खर्च वजा जाता जे राहील त्याचा अर्धा भाग गिलियनला आणि अर्धा लाइफबोटीच्या देणगीपेटीत. याबद्दल मला आणखी काही म्हणायचं नाही.

कलम ४. हत्यारं.

तीन धारी सुया, लाकडी आरी, मेणाचा गोळा, आणि तळहातावर बांधायची चामडी पट्टी, जिच्यात सुई रेटायला लोखंडी चकती बसवलेली असते, ही सगळी हत्यारं बंदरावर जो कोणी अजून हाताने कॅनव्हास शिवायला शिकवत असेल त्याला द्यावीत. पट्टी उजव्या हाताची आहे. तिच्या आतल्या अंगाला माझ्या तळव्याचा आकार बसला आहे, तो नव्या माणसाला पहिले काही महिने टोचेल. टोचू द्यावा. घाईने शिवणाऱ्याला ते बरं असतं.

कलम ५. डबा.

बिस्किटांचा हिरवा पत्र्याचा डबा. यात एकशे बारा चिठ्ठ्या आहेत. माझं नाव ऐकलं की लोकांना राहवत नसे. लगेच म्हणत, "बेट्टी मार्टिन? अहो, ती म्हण कुठून आली ठाऊक आहे का तुम्हाला?" आणि मग सांगत. मी घरी येऊन कोणी सांगितलं, कधी सांगितलं, पुरावा काय दिला, हे चिठ्ठीवर लिहून ठेवत असे. आरमारी शाळेतले एक मास्तर म्हणाले, बेट्टी मार्टिन ही एक भटकी बाई होती, तिने शिपायाचा डोळा काळानिळा केला. शेजारच्या मिसेस गुडालच्या मते ती लंडनच्या नाटकातली नटी. कसायाच्या मते घोडी. प्रत्येकाला शंभर टक्के खात्री. पुराव्याच्या रकान्यात एकशे बारा वेळा मी एकच शब्द लिहिला आहे, "नाही."

पुढे पुढे लोक इतर म्हणींचेही उगम आणून देऊ लागले. काम चुटकीसरशी झालं की आपण म्हणतो, "आणि बॉब तुझा काका." हा बॉब कोणाचा काका? जॅक रॉबिन्सन म्हणायच्या आत काम होतं, तर हा जॅक रॉबिन्सन कोण, आणि त्याचं नाव घ्यायला लोकांना एवढी घाई कसली? लॅरीइतकं खूश असावं म्हणतात. लॅरी कशावर खूश होता हे मला आजवर एकानेही नीट सांगितलेलं नाही. या सगळ्या चिठ्ठ्या डब्यात आहेत. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काही नाही.

यात सगळ्यात वरची चिठ्ठी आमच्या आधीच्या पाद्रीबाबांची, रेव्हरंड ऑस्विन क्रिचली यांची. १९७४ साली त्यांनी वाचनालयात या म्हणीवर भाषण दिलं. एक खलाशी परदेशातल्या देवळात गेला, तिथे संत मार्टिनची लॅटिन प्रार्थना चालली होती, ती त्याला आपल्या इंग्रजीत या म्हणीच्या शब्दांसारखी ऐकू आली, आणि म्हण जन्मली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उभी राहिले.

"कोणता खलाशी?" मी विचारलं.

"अहो मिसेस मार्टिन, नाव कसं सांगता येईल?"

"कोणतं देऊळ?"

"तेही काळाच्या ओघात..."

"ती प्रार्थना तरी कुठल्या पोथीत सापडली का?"

ते हसून श्रोत्यांकडे वळले आणि म्हणाले, "बघा, खुद्द बेट्टी मार्टिनचाच विश्वास नाही." सगळं वाचनालय हसलं. नंतर चहाच्या वेळी चार जणांनी मला समजावलं की बाबा शिकलेले आहेत, ते उगाच कशाला सांगतील. माझ्या अंगाचा तिळपापड झाला तो यामुळे. बिननावाच्या खलाशाने बिननावाच्या देवळात काय ऐकलं यावर या लोकांचा विश्वास बसतो. आणि बाईने स्वतःच्या बोटांनी तोडून दाखवलेल्या धाग्यावर बसत नाही. तो धागा कलम सातात येईल.

डबा वाचनालयाला द्यावा. झाकणावर मी कागद चिकटवून लिहिलं आहे, "उगम माहीत नाही." तो कागद काढू नये, आणि त्याच्या जागी काही सुंदर गोष्ट लिहू नये. रेव्हरंड क्रिचली यांची चिठ्ठी त्यांना परत पाठवावी. तळाशी एक चिठ्ठी वॉल्टरच्या अक्षरात आहे. तो म्हणायचा, ही बेट्टी मार्टिन खरं बोलणारी कोणीतरी बाई असणार, आणि तिचं खरं कोणाला तरी अडचणीचं झालं असणार. मला हा उगम फार आवडतो. पण त्यालाही पुरावा नाही, म्हणून तोही डब्यातच राहील. नवऱ्याला वेगळा नियम लावता येत नाही.

कलम ६. माती.

प्रार्थना थोडक्यात. नंतर हॅमचे सँडविच, चहा, आणि गिलियन करते तो शहाजिऱ्याचा केक. शेरी मिळेल, पण दोनदाच. मी आता लॅरीइतकी खूश असेन असं कोणी म्हणू नये. ज्याला म्हण वापरल्याशिवाय राहवणार नाही त्याने बाहेर जाऊन फेरीबोटीला सांगावी.

कलम ७. नोरीन पेनफोल्ड हिच्यासाठी.

खरं म्हणजे हा सगळा कागद या कलमासाठी केला आहे. मिस्टर लेडबेटर यांना हे कलम पहिलं घ्यायचं होतं. मी म्हटलं, आधी लोकांना कळू दे मी कोण आहे.

आमच्या शीडघरात एक रीत होती. कोणी फुशारकी मारली, की मुकादम ओरडायचा, "सगळं माझा डोळा..." आणि सगळ्या बाया हातातल्या लोखंडी चकत्या बाकावर आपटत उत्तर द्यायच्या, "आणि बेट्टी मार्टिन!" तीनदा आपटायच्या. माझ्या लग्नाआधीपासूनची रीत आहे, मीही पुष्कळदा आपटलं आहे. मी मार्टिन झाले तेव्हापासून माझ्या तोंडून कोणतंही वाक्य निघालं तरी ही रीत पाळली जायची. आज पाऊस आहे म्हटलं तरी. मी हसायचे. हसले नसते तर आणखी चेव आला असता.

६ मार्च १९५७, बुधवार. मुकादम रेजिनाल्ड स्प्रेक. डोलकाठीवर माणूस चढवायची कॅनव्हासची बैठक शिवायला मला दिली होती. माणूस तिच्यात बसतो आणि खालचे लोक त्याला दोराने वर ओढतात. शिवण उसवली तर त्याच्या खाली काही नसतं. मला दिलेली धाग्याची लडी छप्पर गळायचं त्या कोपऱ्यातली होती. तिला कुबट वास येत होता. मी धागा दोन बोटांत धरून ओढला, तो पावासारखा तुटला. मी उठून स्प्रेकपाशी गेले. आमच्यात हातभर अंतर होतं. मी म्हटलं, "मिस्टर स्प्रेक, हा धागा कुजलाय. हे बघा." आणि त्याच्या नाकासमोर पुन्हा तोडून दाखवला. "याने बैठक शिवली तर माणूस पडेल."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बायांकडे पाहिलं, आणि ओरडला, "सगळं माझा डोळा..."

पुढचं सांगायला नको. छप्पर हादरलं. पुन्हा सांगायला मी तोंड उघडलं की पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "चल, बस जागेवर. संध्याकाळी बोट सुटायची आहे."

आणि मी बसले. मी ती बैठक शिवली. कुजलेल्या धाग्याने, दाट टाके घालून, जणू दाट टाक्यांनी धागा सुधारतो. मी नाही म्हणायला हवं होतं. सुई खाली ठेवून घरी जायला हवं होतं. हे माझं आहे, ते मी कोणाच्या गळ्यात घालत नाही. तेवढं केलं की उरलेली लडी ॲप्रनच्या खिशात घातली.

अकरा दिवसांनी आर्थर पेनफोल्ड त्या बैठकीतून पडला. चोवीस वर्षांचा होता. माझ्याच गल्लीच्या टोकाला राहायचा, आणि मुलींना हसवायला फेरीबोटीच्या कठड्यावरून चालायचा.

चौकशी झाली. कोणी आधी इशारा दिला होता का, असं विचारलं. मी सांगितलं, मी दिला होता. बायांना विचारलं. त्या खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, बेट्टी उभी होती खरी, पण ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, आम्ही बाक वाजवत होतो. मी लडी पुढे केली. ते म्हणाले, ही तीच कशावरून? मग स्प्रेकला विचारलं. तो म्हणाला, "असं काही माझ्या कानावर आलं नाही, साहेब." निकालात लिहिलं, शिवणारीच्या हातचा दोष. मी कामावरून गेले, आणि त्या दिवसापासून या गल्लीत आर्थरला मारणारी बाई म्हणून राहिले.

आर्थरची धाकटी बहीण नोरीन तेव्हा सतरा वर्षांची होती. आज ती अठ्ठावन्न वर्षांची आहे आणि अजून तिथेच राहते. मला पाहिलं की रस्ता ओलांडते. १९८३ मध्ये, वॉल्टर गेला त्या हिवाळ्यात, फेरीबोटीवर आम्हाला शेजारी बसावं लागलं. मी तिला सगळं सांगितलं, जसं आत्ता लिहिलं तसंच. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "मिसेस मार्टिन, तुम्ही म्हणता. पण स्प्रेक तसं म्हणत नाहीत." आणि उठून पलीकडे जाऊन उभी राहिली. पाऊस होता, तरी बाहेर उभी राहिली.

तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. तिच्यापुढे दोन माणसं होती. एक मुकादम, आणि एक जिच्या नावाचा अर्थच थाप.

ती लडी लाखेने बंद केलेल्या पाकिटात आहे. पाकीट आणि या मृत्युपत्राची पूर्ण प्रत, सह्यांच्या पानासकट, नोरीन पेनफोल्ड हिच्या हातात द्यावी. टपालाने पाठवू नये. मिस्टर लेडबेटर यांनी स्वतः जाऊन द्यावी आणि ती वाचून होईपर्यंत थांबावं.

कलम ८. रेजिनाल्ड स्प्रेक याला.

काही नाही. तो शहाऐंशी वर्षांचा आहे आणि खाडीकडच्या वृद्धाश्रमात राहतो. त्याला मी या मृत्युपत्राचा साक्षीदार म्हणून बोलावलं आहे. कायद्याने साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही. मिस्टर लेडबेटर यांनी हा नियम सांगितला तेव्हाच मी ठरवलं की साक्षीदार तोच असेल. साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, फक्त मला सही करताना पाहायचं असतं, हेही त्यांनी मला तीनदा सांगितलं. तीनही वेळा मी ऐकलं.

कलम ९. हे कलम माझ्या हाताने, आज, सहीच्या टेबलापाशी.

स्प्रेक आला आहे. आश्रमातल्या नर्सने त्याला कोट घालून, केस विंचरून आणलं आहे. त्याला वाटलं असावं की मी त्याला काही ठेवून जाते आहे, कारण आल्या आल्या तो म्हणाला, "कशाला गं एवढा त्रास घेतलास, बेट्टी." मी त्याच्यापुढे कलम सात ठेवलं. मिस्टर लेडबेटर खाकरले. म्हणाले, "मिसेस मार्टिन, याची काहीच गरज नाही."

"तुम्हाला नसेल," मी म्हटलं. "रेज, वाचून दाखवू का?"

"चष्मा आहे माझ्याजवळ."

त्याने वाचलं. बोट ओळीखाली धरून. शेवटाला पोचला आणि पुन्हा वर गेला. त्याचा चहा निवून गेला. मग कागदावरून मान न काढता म्हणाला, "सगळ्या हसत होत्या गं. मालक वर जिन्यात उभा होता. बोट त्याच संध्याकाळी सुटायची होती."

"चौकशीच्या दिवशी कोणी हसत नव्हतं, रेज."

"नव्हतं."

"मग?"

"मला दोन पोरं होती."

मी त्याला सांगितलं नाही की आर्थरच्या आईलाही दोनच होती. ते त्याला माहीत आहे. मी एवढंच म्हटलं, "मला तुझी माफी नको. माफी मागून तू मोकळा होशील आणि नोरीन आहे तिथेच राहील. मी तुला सही करायला बोलावलंय. सही कर. त्यापुढे आणखी काही लिहायचं असलं तर जागा आहे."

मिस्टर लेडबेटर म्हणाले, साक्षीदाराने नाव, पत्ता, व्यवसाय एवढंच लिहायचं असतं, जास्त लिहिण्याची पद्धत नाही. मी म्हटलं, पद्धतीमुळेच इथवर आलो.

त्याने लिहिलं तर नोरीनला ते वाचायला मिळेल. नाही लिहिलं तर तिला एक कुजकी लडी मिळेल आणि बेट्टी मार्टिनचा शब्द, आणि त्याचं काय करायचं हे या गावाला पाठ आहे. मी आता सही करते आहे. यापुढचं पान माझं नाही.

वर लिहिलेलं सगळं मी वाचलं, ते माझंच आहे, आणि त्यातला एकही शब्द मला मऊ करायचा नाही.

एलिझाबेथ मार्टिन
(सही)

गॉस्पोर्ट, गुरुवार, २२ ऑक्टोबर १९९८

मिसेस मार्टिन यांनी आम्हा दोघांसमोर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर केली.

साक्षीदार पहिली: डोरीन ॲलार्डाइस, नर्स, खाडीकडचा वृद्धाश्रम.
(सही)

साक्षीदार दुसरा: रेजिनाल्ड स्प्रेक, निवृत्त मुकादम, खाडीकडचा वृद्धाश्रम.
(सही)

नोरीन, एलिझाबेथने मला सांगितलं होतं. धागा माझ्यासमोर तोडून दाखवला. सगळं नीट ऐकू आलं. बाक तिने बोलून झाल्यावर वाजलं, आणि वाजवायला मी लावलं. हे मी पूर्ण शुद्धीवर लिहिलं आहे. रे. स्प्रेक.